बदनामीनंतरची प्रतीक्षायादी

वाचकांचे प्रश्न : प्रवेश आणि उच्चशिक्षण

एखाद्या विद्यापीठातील प्रकरण चव्हाट्यावर आले की तेथील प्रवेशांचे काय होते, या एकाच विषयावर या महिन्यात तीन पत्रे आली. तिन्ही पत्रे कोल्हापूर आणि परिसरातील असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण गुंतागुंत तेथेच जास्त आहे.

प्रश्न : माझ्या मुलीने यंदा बारावीबरोबर अमेरिकेतील सहा विद्यापीठांकडे अर्ज केले होते. एका सरकारी विद्यापीठाने प्रवेश दिला आणि आम्ही मुदतीत तेथे डिपॉझिट भरले. तिच्या सर्वांत आवडीच्या खासगी विद्यापीठाने मात्र तिला प्रतीक्षायादीत ठेवले आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या खासगी विद्यापीठाच्या वसतिगृहात नव्या विद्यार्थ्यांचा छळ झाल्याचे प्रकरण बाहेर आले आणि ते वरिष्ठांनी दडपल्याचा आरोप झाला. पुण्याचे आमचे एक नातेवाईक म्हणतात, ‘आता तिथली पोरं दुसरीकडे पळणार आणि तुमची यादी भराभर सरकणार.’ त्यावर विसंबून आम्ही थांबावे काय? यादीतील तिचा क्रमांक विद्यापीठ सांगत नाही, तो कसा कळेल? आणि अशा ठिकाणी मुलीला पाठवणे योग्य आहे का?
— एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : क्रमांकाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तेथला गैरसमज दूर झाला की बाकीचे सोपे होते. ‘वेटिंग’ म्हटले की आपल्याला महालक्ष्मी एक्स्प्रेसचे तिकीट आठवते : आपण चौदावे असलो आणि पुढच्या तेरा जणांची सोय लागली की पुढची जागा आपलीच. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांची प्रतीक्षायादी अशी रांग नसते, तिला क्रमांकच नसतात. ती निवडीसाठी बाजूला काढून ठेवलेली नावे असतात, आणि मे महिन्यात वर्ग मोजल्यावर ज्या प्रकारचे विद्यार्थी कमी पडले असतील त्या प्रकारचे विद्यार्थी त्यातून उचलले जातात. भौतिकशास्त्राकडे जाणारे कमी पडले तर तसे, दूरच्या राज्यांतले कमी पडले तर तसे, आणि स्पष्ट बोलायचे तर पूर्ण फी भरणारे कमी पडले तर तसे. तेव्हा विद्यापीठ क्रमांक लपवत आहे असे नव्हे, बहुधा तो अस्तित्वातच नाही.

आता ‘पोरं पळणार’ या भाकिताकडे वळू. तिकडच्या प्रवेश कार्यालयाचे सगळे गणित ‘यील्ड’ या एका आकड्यावर उभे असते. यील्ड म्हणजे प्रवेशपत्र मिळालेल्या शंभर विद्यार्थ्यांपैकी प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांची संख्या. समजा, एका विद्यापीठाला २,००० जागा भरायच्या आहेत. त्यांपैकी ९०० जागा ‘अर्ली डिसिजन’ या फेरीत भरल्या. या फेरीत प्रवेश मिळाला तर येईनच, असे विद्यार्थ्याने आधीच लिहून दिलेले असते, त्यामुळे त्या जागा फारशा हलत नाहीत. उरलेल्या १,१०० जागांसाठी, चौघांतला एक येतो या पूर्वानुभवावरून, विद्यापीठाने ४,४०० प्रवेशपत्रे पाठवली. बदनामीमुळे शंभरातील पंचवीसऐवजी तेवीसच आले, तर १,०१२ जागा भरतील आणि ८८ रिकाम्या राहतील. हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत, पण त्यांवरून प्रमाणाचा अंदाज येतो. ज्या विद्यापीठाच्या प्रतीक्षायादीत राहण्याची तयारी २,००० जणांनी कळवली आहे, तेथे ८८ जागा रिकाम्या होणे हा प्रवेश कार्यालयाच्या दृष्टीने मोठा धक्का असतो, पण यादीतील एका मुलीच्या दृष्टीने तो शेकडा चार-साडेचार जणांना मिळणारा दिलासा असतो.

प्रकरण किती गाजले यापेक्षा ते कोणत्या महिन्यात गाजले, हे पाहावे असे माझे मत आहे. नियमित फेरीचे अर्ज साधारणपणे जानेवारीच्या आरंभी संपतात, निकाल मार्चअखेरीस लागतात आणि विद्यार्थ्याने उत्तर देण्याची रूढ मुदत १ मे ही असते. प्रकरण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाहेर आले तर फटका अर्जांना बसतो, पण निर्णय व्हायचे असल्यामुळे कार्यालयाला सावरायला तीन महिने मिळतात. कार्यालय थोडी जास्त प्रवेशपत्रे काढते, प्रतीक्षायादी थोडी लांब ठेवते आणि मे महिन्यात बाहेरच्याला काही जाणवतही नाही. प्रकरण एप्रिलमध्ये बाहेर आले तर प्रवेशपत्रे सुटलेली असतात, ती वाढवता येत नाहीत, आणि खड्डा बुजवायला हाताशी प्रतीक्षायादीच उरते. आपल्या मुलीच्या बाबतीत प्रकरण नेमके या दुसऱ्या काळात घडले आहे. म्हणून आपले नातेवाईक अगदीच चुकीचे बोलत नाहीत, चूक आहे ती ‘भराभर’ या शब्दात.

अर्ज आणि यील्ड यांतला फरक लक्षात ठेवणे येथे अगत्याचे आहे. तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये असलेले मायकेल लुका यांनी पॅट्रिक रूनी आणि जोनाथन स्मिथ यांच्यासह २०१६ मध्ये एक अभ्यास मांडला. त्यात अमेरिकेतील पहिल्या १०० विद्यापीठांतील २००१ ते २०१३ या काळातील प्रकरणे तपासली होती. ज्या प्रकरणावर एखादा दीर्घ वृत्तलेख प्रसिद्ध झाला, त्या विद्यापीठाकडे पुढील वर्षी येणारे अर्ज सुमारे १० टक्क्यांनी घटले, आणि ही घट एका प्रसिद्ध क्रमवारीत दहा पायऱ्या खाली गेल्यावर होणाऱ्या घटीइतकी होती. मात्र ही घट अर्जांची आहे. अर्ज करणारा विद्यार्थी अजून लांबून पाहत असतो, दहा नावांतले एक नाव खोडायला त्याला काही लागत नाही. प्रवेशपत्र हातात आलेला विद्यार्थी मात्र मनाने तेथे पोहोचलेला असतो, घरच्यांनी पेढे वाटलेले असतात, आणि तो सहजासहजी मागे फिरत नाही.

हार्वर्डचे स्वतःचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२३ पासून गाझातील युद्धावरून तेथे वाद पेटला होता. अध्यक्षा क्लॉडिन गे यांनी ५ डिसेंबरला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे दिलेल्या साक्षीने गदारोळ झाला, पाठोपाठ वाङ्मयचौर्याचे आरोप आले आणि २ जानेवारी २०२४ रोजी त्यांनी राजीनामा दिला. त्या हंगामात हार्वर्डकडे आलेले अर्ज ५६,९३७ वरून ५४,००८ वर उतरले, म्हणजे सुमारे ५ टक्के घटले. लवकरच्या फेरीतील अर्ज तर ९,५५३ वरून ७,९२१ वर, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांनी खाली आले. त्याच हंगामात येलकडे मात्र ५७,४६५ अर्ज आले आणि तो त्या विद्यापीठाचा तोवरचा उच्चांक ठरला. एवढे होऊनही ज्यांना हार्वर्डने प्रवेश दिला, त्यांपैकी सुमारे ८४ टक्के विद्यार्थी दाखल झाले, म्हणजे जवळजवळ आदल्या वर्षीइतकेच. सगळी घट बदनामीच्या खात्यावर टाकू नये हेही सांगितले पाहिजे, कारण लवकरच्या फेरीची मुदत १ नोव्हेंबरची, म्हणजे त्या साक्षीच्या आधीची होती, आणि वंशाचा विचार करून प्रवेश देण्यास मनाई करणारा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निकालही जून २०२३ मध्येच आला होता. शिवाय हार्वर्ड हे हार्वर्ड आहे. ज्या विद्यापीठाचे यील्ड तीस टक्क्यांच्या आसपास असते, तेथील विद्यार्थ्यांच्या हातात दुसरी तीन-चार प्रवेशपत्रे असतात, आणि एप्रिलमधील बातमी तेथे अधिक लागते.

तेव्हा त्या विद्यापीठाचे मागील वर्षांचे आकडे स्वतः पाहावेत. बरीच अमेरिकी विद्यापीठे ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यात प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या विभागात किती जणांना प्रतीक्षायादी देऊ केली, किती जणांनी ती स्वीकारली आणि शेवटी किती जणांना त्यातून घेतले, हे तीन आकडे असतात. किमान पाच वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून वाचावेत, कारण हे आकडे वर्षागणिक फार हेलकावे खातात. एखाद्या वर्षी शेकडो घेतले जातात आणि पुढच्या वर्षी एकही नाही.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांच्या लक्षात आलेली नसावी. यादी सरकण्यासाठी बदनामी त्याच विद्यापीठाची व्हावी लागते असे नाही. वरच्या पायरीवरील एका विद्यापीठाने प्रतीक्षायादीतून शंभर जण उचलले की त्यांतील बहुतेक जण दुसरीकडे भरलेले डिपॉझिट सोडून देतात, तेथे जागा होतात, मग ते विद्यापीठ आपली यादी उघडते, आणि ही साखळी जूनपर्यंत खाली उतरत जाते. पूर्वी १ मेनंतर दुसऱ्याकडे नक्की झालेल्या विद्यार्थ्याला ओढू नये, असा नियम प्रवेश अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत होता. स्पर्धेला बाधा येते या कारणाने सरकारने हरकत घेतल्यामुळे सप्टेंबर २०१९ मध्ये तो काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून उन्हाळ्यातली ही हालचाल अधिकच मोकळी झाली आहे.

आपण काय करावे? सरकारी विद्यापीठातील जागा अजिबात सोडू नये. प्रतीक्षायादीत राहण्याचा होकार मुदतीत कळवावा. दोन ठिकाणी डिपॉझिट भरून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, तो नियमाला धरून नाही आणि उघडकीस आल्यास दोन्ही प्रवेश जाऊ शकतात. मात्र एका ठिकाणी डिपॉझिट भरून दुसऱ्याच्या प्रतीक्षायादीत राहणे पूर्णपणे रीतसर आहे. यादीतून बोलावणे आले तर पहिले डिपॉझिट बहुधा परत मिळत नाही, ते बुडीत धरूनच हिशेब करावा.

पैशाचा विचार आजच करावा, बोलावणे आल्यावर नव्हे. परदेशी विद्यार्थ्याला किती आर्थिक मदत लागणार, हे पाहूनच प्रवेश देणारी विद्यापीठे बहुसंख्य आहेत, आणि प्रतीक्षायादी उघडते तेव्हा मदतीची थैली बरीचशी रिकामी झालेली असते. उत्तरासाठी मुदतही थोडक्या दिवसांची मिळते. शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र विशिष्ट विद्यापीठाच्या नावाने असते, ते बदलायला बँकेची शाखा किती दिवस घेते याचा अनुभव कोल्हापुरात ज्याने त्याने घेतलेला आहे. मग नव्या विद्यापीठाकडून आय-२० (व्हिसासाठी लागणारे प्रवेशाचे प्रमाणपत्र) घ्यायचे, ३५० डॉलरची सेविस फी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी, नव्या नोंदीशी जोडून घ्यायची आणि मुंबईत बीकेसीतील वकिलातीच्या मुलाखतीची तारीख मिळवायची. व्हिसावर विद्यापीठाचे नाव असते, त्यामुळे पहिल्या विद्यापीठाच्या नावाने व्हिसा निघून गेला असेल तर प्रकरण आणखी लांबते. अमेरिकेतील विद्यार्थी जुलैच्या शेवटीही बोलावणे स्वीकारून गाडीत सामान टाकू शकतो, आपल्याला ते शक्य नाही. म्हणून विद्यापीठ यादी कधी बंद करते याची वाट न पाहता १५ जून ही आपल्या घरापुरती अखेरची तारीख ठरवावी, असे मी सुचवेन.

राहिला प्रश्न पाठवावे की नाही याचा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, त्या गावात मुलगी राहणार कोठे आणि तिच्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न क्रमवारीच्या आधी विचारला जातो यात नवल नाही, आणि तो प्रश्न योग्यच आहे. लीहाय विद्यापीठातील जीन क्लेरी या विद्यार्थिनीची १९८६ मध्ये वसतिगृहातील खोलीत हत्या झाली. तिच्या आईवडिलांच्या पाठपुराव्यातून १९९० मध्ये जो कायदा झाला तो आज तिच्या नावाने ओळखला जातो. त्यानुसार सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागील तीन वर्षांतील गुन्ह्यांची आकडेवारी प्रसिद्ध करावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आपल्याकडे ज्याला आपण रॅगिंग म्हणतो, त्या प्रकारांची नोंदही या अहवालात आणली आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांचा तपशील प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. दोन्ही विद्यापीठांचे हे अहवाल काढून वाचा, ज्या विद्यापीठाची बातमी आलेली नाही त्याचाही. वाचताना एवढे ध्यानात असू द्या की शून्य आकडा नेहमीच दिलासा देणारा नसतो, तक्रार करण्याची सोय नसली तरीही आकडा शून्यच येतो.

वर सांगितलेल्या २०१६ च्या अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे, जो पालकांपर्यंत क्वचितच पोहोचतो. गाजलेल्या प्रकरणानंतर त्याच विद्यापीठात पुन्हा तसे काही घडण्याची शक्यता काही वर्षे कमी होते, आणि हा परिणाम पाच वर्षांच्या आत विरून जातो. पदवी चार वर्षांची असते. म्हणून घडले काय यापेक्षा घडल्यावर विद्यापीठाने काय केले, म्हणजे चौकशी बाहेरच्यांकडे दिली का, अहवाल जाहीर केला का, वसतिगृहाची व्यवस्था बदलली का, हे विचारावे. हे प्रश्न मुलीने स्वतः प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारले तर त्यात काहीही गैर नाही. उत्तर कसे येते, किंवा येते की नाही, यावरून आपल्याला पुष्कळ कळेल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटी दिली आहे. आमच्या भागातील एका खासगी महाविद्यालयात अंतर्गत परीक्षेतील गैरप्रकाराची बातमी जूनमध्ये आली. त्यामुळे तेथील कट-ऑफ खाली येईल काय, आणि ते महाविद्यालय मी पसंतीक्रमात वर ठेवावे काय?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : आपल्याकडील कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत यील्डचा अंदाज बांधण्याचे काम महाविद्यालयाकडे नसतेच. विद्यार्थी पसंतीक्रम भरतात, गुण आणि आरक्षण पाहून संगणक जागा वाटतो. त्यामुळे बदनामीचा परिणाम येथे वेगळ्या वाटेने दिसतो : कमी विद्यार्थी ते नाव वर लिहितात, आणि शेवटची जागा मिळणाऱ्याचे पर्सेंटाइल खाली येते. बातमी पसंतीक्रम भरण्याच्या आधी आली असल्यामुळे हा परिणाम पहिल्या फेरीपासून दिसू शकेल आणि रिकाम्या जागा पुढच्या फेऱ्यांत व संस्थास्तरावर सरकतील.

तरीही केवळ ‘स्वस्तात मिळते’ म्हणून ते नाव पहिल्या क्रमांकावर लिहू नका. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप फ्रीझ होते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. ज्या ठिकाणी खरोखर शिकायचे आहे, तेच नाव वर असावे. महाविद्यालय स्वायत्त आहे का, हेही पाहावे. स्वायत्त नसेल तर मुख्य परीक्षा विद्यापीठ घेते आणि अंतर्गत गुणांचा वाटा मर्यादित राहतो. स्वायत्त असेल तर प्रश्नपत्रिका, तपासणी आणि निकाल हे सारे त्याच संस्थेच्या हाती असते, आणि तेथील गैरप्रकाराची बातमी अधिक गंभीरपणे घ्यावी लागते.

प्रश्न : माझा नातू एका परदेशी विद्यापीठाच्या प्रतीक्षायादीत आहे. विद्यापीठाला पुन्हा पत्र लिहावे, असे सांगतात. तेथे सध्या बरीच बदनामी चालू आहे. पत्रात ‘अशा कठीण काळातही मी आपल्या पाठीशी आहे’ असे लिहिले तर उपयोग होईल काय? एक सल्लागार यादीतून नाव वर आणून देण्यासाठी वेगळे पैसे मागत आहे.
— एक निवृत्त शिक्षक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ते वाक्य लिहू नये. ज्या प्रकरणात कोणाला तरी इजा झाली आहे, त्याचा उल्लेख आपल्या प्रवेशाच्या पत्रात आला की तो संधीसाधूपणा वाटतो, आणि वाचणारा अधिकारी त्या प्रकरणाने आधीच वैतागलेला असतो. पत्र एका पानाचे असावे. अर्जानंतर जे नवीन घडले तेवढेच त्यात असावे, उदाहरणार्थ बारावीचा निकाल, पूर्ण केलेला एखादा प्रकल्प किंवा स्पर्धेतील यश. प्रवेश मिळाला तर नक्की येईन, हे वाक्य खरे असेल तर स्पष्ट लिहावे, कारण यील्डची काळजी असलेल्या कार्यालयाला नेमके तेच हवे असते. खरे नसेल तर लिहू नये.

सल्लागाराला नकार द्यावा. ज्या यादीला क्रमांकच नाहीत, तिच्यात नाव वर आणणार कसे? पैसे घेऊन ‘बाजूच्या दाराने’ प्रवेश मिळवून देणाऱ्या रिक सिंगरचे प्रकरण मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत उघड झाले तेव्हा एकाच दिवशी ५० जणांवर आरोप ठेवले गेले, पालकही तुरुंगात गेले, आणि सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्यात अडकलेल्या काही मुलांचे प्रवेशही रद्द झाले. पत्र नातवाला स्वतः लिहू द्या. आपण शिक्षक होता, तेव्हा हात शिवशिवतील हे मी समजू शकतो, पण आपली लाल शाई केवळ शुद्धलेखनापुरती वापरावी.